कोष्टकापेक्षा आकाश प्रमाण

दापोली तालुक्यातील मुरुड हे समुद्रकाठचे गाव महाराष्ट्राला परिचित आहे ते मुख्यतः महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्यामुळे. याच गावात कर्व्यांच्या जन्माआधी पाच वर्षे, १८५३ च्या जुलै महिन्यात, शंकर बाळकृष्ण दीक्षित जन्मले. एकेकाळी हे नाव सुशिक्षित महाराष्ट्रात आदराने घेतले जाई, आणि भारतीय ज्योतिर्गणिताचा इतिहास लिहू पाहणाऱ्या कोणालाही आजसुद्धा त्यांचा ग्रंथ ओलांडून पुढे जाता येत नाही. पण आपल्या जिल्ह्यातील एखाद्या शाळेत जाऊन दीक्षित कोण होते असे विचारले, तर उत्तर मिळण्याचा संभव थोडाच. टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, हे पोरासोरांनाही ठाऊक असते. टिळक ज्या विषयात आपली विद्वत्ता पणाला लावीत, त्याच विषयात त्यांच्याइतक्याच अधिकाराने लिहिणारा एक प्राथमिक शिक्षक याच जिल्ह्याने दिला, याचे आपल्याला विस्मरण झाले आहे.

प्रस्तुत लेखक अर्थशास्त्राचा अध्यापक आहे, ज्योतिषाचा नव्हे. तरीही दीक्षितांच्या चरित्राकडे वळावेसे वाटले याचे कारण असे की, ज्या एका तत्त्वावर त्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, ते तत्त्व ज्योतिषाइतकेच अर्थशास्त्राला, शाळेला आणि सरकारी कचेरीलाही लागू पडणारे आहे. कोष्टक आणि आकाश यांचे जमत नसेल तर दुरुस्त करायचे ते कोष्टक, हे ते तत्त्व. सांगायला इतके साधे, की त्यात विशेष ते काय असे कोणीही म्हणेल. पण ते पाळताना परंपरेशी, वडीलधाऱ्यांशी, लोकाचाराशी आणि प्रसंगी स्वतःच्या अभिमानाशीही झुंजावे लागते, हे दीक्षितांच्या आयुष्याने दाखवून दिले.

बदलीची नोकरी आणि बैठकीचे काम

मुरुडच्या शाळेत प्राथमिक शिक्षण आणि जोडीला थोडे संस्कृत, असा दीक्षितांचा प्रारंभ झाला. पुढे पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी शिक्षकाचे शिक्षण घेतले आणि ते मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण झाले. विद्यापीठाची पदवी मात्र त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. शिक्षणखात्याच्या नोकरीत रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुन्हा पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज अशी त्यांची भ्रमंती झाली. आजच्या शिक्षकाला बदलीचा हुकूम हातात पडताच घरातील भांडीकुंडी, मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईवडिलांची सोय यांचा विचार करावा लागतो. दीक्षितांना त्यांच्याबरोबर पोथ्यांचा आणि हस्तलिखित टिपणांचा संसारही हलवावा लागला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. मोठे ग्रंथालय, वेधशाळा, सहकारी विद्वान यांपैकी काहीही बार्शीस किंवा धुळ्यास हाताशी नसताना त्यांनी जे काम उभे केले, ते पाहिले म्हणजे सोयी नाहीत म्हणून संशोधन होत नाही असे म्हणणाऱ्या आम्हां प्राध्यापकांनी थोडे अंतर्मुख व्हावयास हवे.

त्यांचे पहिले लेखन विद्यार्थ्यांसाठी होते. ‘विद्यार्थिबुद्धिवर्धिनी’, ‘सृष्टचमत्कार’ ही पुस्तके शिक्षकाच्या भूमिकेतून लिहिलेली आहेत. ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकाला त्यांनी ‘रात्रीची दोन घटका मौज’ असे दुसरे नाव दिले, आणि त्या नावातच त्यांची वृत्ती दिसते. खगोलाची ओळख ही घोकण्याची बाब नसून अंगणात उभे राहून मान वर करण्याची आहे, हे त्यांना सामान्य वाचकाच्या मनावर ठसवायचे होते. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटीच्या निमित्ताने त्यांनी भारतीय ज्योतिषाच्या इतिहासाचे प्रचंड काम अंगावर घेतले, आणि ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध झाला. वैदिक काल आणि वेदांगकाल यांपासून आरंभ करून सिद्धांतग्रंथ, करणग्रंथ, त्यांचे कर्ते, त्यांचे काल, निरनिराळ्या प्रांतांत चालणारी पंचांगे आणि त्यांची गणिते असा सगळा पट त्यांनी मराठीतून उलगडला. या ग्रंथाचा हिंदी अनुवाद १९५७ साली आणि इंग्रजी अनुवादाचा पहिला भाग १९६९ साली निघाला. म्हणजे साठ वर्षे हा विषय मुळातून जाणून घेऊ इच्छिणाऱ्याला मराठीकडे यावे लागत होते. एका प्रादेशिक भाषेला असा मान क्वचितच मिळतो, आणि तो तिला एका शिक्षकाने मिळवून दिला.

पंचांगाचा वाद

दीक्षितांच्या काळी महाराष्ट्रात चालणारी बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञाच्या ‘ग्रहलाघव’ या ग्रंथावरून होत. हा ग्रंथ शके १४४२ चा, म्हणजे इसवी सन १५२० चा, आणि त्याचा कर्ता कोकणातलाच, जंजिऱ्याजवळच्या नांदगावचा. गणेश आणि त्याचे वडील केशव दैवज्ञ या दोघांनीही स्वतः आकाशातील ग्रहांचे वेध घेतले, जुन्या ग्रंथांनी येणारी स्थाने आणि प्रत्यक्ष दिसणारी स्थाने ताडून पाहिली, आणि जिथे अंतर पडले तिथे जुन्या ग्रंथांना बाजूस सारून नवे अंक घेतले. ज्या-सारण्यांचा उपयोग न करता गणित करण्याची सोपी रीत गणेशाने दिली, म्हणून त्याचा ग्रंथ गावोगावच्या जोशांच्या हाती गेला आणि पुढची शेकडो वर्षे टिकला.

खरी अडचण या टिकण्यातच होती. ज्या माणसाने कोष्टकांना आकाशाची साक्ष काढायला लावले, त्याचीच कोष्टके पुढच्या पिढ्यांनी आकाशाकडे न पाहता चालविली. ग्रहलाघवाच्या रीतीने अयनगती वर्षाला एक कला, म्हणजे साठ विकला धरली जाते. प्रत्यक्षात ती सुमारे पन्नास विकला आहे. दहा विकलांचा हा फरक एका वर्षात कोणाच्याही लक्षात येणार नाही, पण तीनशे साठ वर्षांत तो एक अंश होतो. केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय गणिताच्या आधारे मराठीत ग्रहसाधनाची कोष्टके तयार केली आणि १८६५ पासून नव्या गणिताचे पंचांग काढले, तेव्हा या फरकाची जाहीर चर्चा महाराष्ट्रात सुरू झाली.

त्यापुढचा प्रश्न अधिक नाजूक होता. राशिचक्राचा आरंभ कोठून धरावा? कोणी रेवतीच्या योगतारेपासून, कोणी चित्रा ताऱ्याच्या समोरच्या बिंदूपासून धरीत. या दोहोंत सुमारे चार अंशांचे अंतर पडते. दीक्षितांनी विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर सायन पंचांगाचा पक्ष घेतला. सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेस येतो तो वसंतसंपाताचा बिंदू दर वर्षी मोजता येतो, ऋतू त्याच्याशी बांधलेले आहेत, आणि आपली पुरातन महिन्यांची कल्पना ऋतूंशी निगडित होती. तेव्हा आरंभ तेथूनच धरावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

या प्रश्नाचे व्यावहारिक स्वरूप मकरसंक्रांतीवरून ध्यानात येईल. उत्तरायणाचा खरा आरंभ २१ किंवा २२ डिसेंबरला होतो. आपण संक्रांत पाळतो ती १४ किंवा १५ जानेवारीला. स्वामी विवेकानंदांचा जन्म १८६३ साली मकरसंक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख होती १२ जानेवारी. दीडशे-पावणेदोनशे वर्षांत संक्रांत दोन-तीन दिवस पुढे सरकली ती अशी. तिळगूळ देताना याने काही बिघडत नाही हे खरे. पण हा क्रम चालूच राहिला तर काही हजार वर्षांनी थंडीचा सण भर उन्हाळ्यात येईल.

विरोधकांचे म्हणणेही अगदीच निराधार नव्हते, आणि न्यायबुद्धीने ते सांगितले पाहिजे. सायन गणना स्वीकारली की नक्षत्रांची नावे आणि आकाशातील ताऱ्यांचे पुंज यांची फारकत होते. आज हे अंतर चोवीस अंशांच्या आसपास आहे. एका नक्षत्राचा विस्तार तेरा अंश वीस कला, म्हणजे जवळजवळ दोन नक्षत्रांचा फरक पडतो. पंचांगात एक नक्षत्र आणि चंद्राजवळ दुसरेच, हे ज्यांना रुचले नाही त्यांना केवळ जुनाट म्हणून हिणवता येणार नाही. सामान्य लोकांनी सायन पंचांग स्वीकारले नाही. त्या अर्थाने दीक्षित हा वाद हरले. परंतु स्वातंत्र्यानंतर १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग-सुधारणेसाठी समिती नेमली गेली, आणि तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून जे राष्ट्रीय सौर पंचांग अमलात आले, त्याचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. धार्मिक पंचांगात जे जमले नाही, ते शासकीय दिनदर्शिकेत साठ वर्षांनी आले. आकाशवाणीच्या निवेदनात आणि भारताच्या राजपत्रावर हे दिनांक आढळतात. त्यांच्यामागे कोणाचे श्रम आहेत याची आठवण मात्र कोणाला होत नाही.

कारकून मंडळींना हा मुद्दा एका परिचित उदाहरणाने चटकन पटेल. महागाई भत्ता ज्या ग्राहक किंमत निर्देशांकावर ठरतो, त्याचे पायाभूत वर्ष औद्योगिक कामगारांच्या बाबतीत १९६० होते. ते बदलून १९८२, मग २००१ आणि पुढे २०१६ करण्यात आले. कुटुंब काय खाते, कशावर खर्च करते हे बदलत असताना जुन्याच यादीवरून निर्देशांक काढीत राहिले, तर गणित निर्दोष असूनही उत्तर चुकीचे येते. ग्रहलाघवी पंचांगाचे दुखणे नेमके हेच होते. बेरीज-वजाबाकी बरोबर होती. पाया सरकला होता.

शिलालेखाचा गुरुवार

दीक्षितांच्या विद्वत्तेची परीक्षा १८८० नंतरच्या दशकात एका वेगळ्याच क्षेत्रात झाली. गुप्त राजांच्या शिलालेखांतील संवत कोणत्या वर्षापासून मोजायचा, यावर विद्वानांत तीव्र मतभेद होते. निरनिराळ्या मतांमध्ये दोनशेहून अधिक वर्षांची तफावत होती. समुद्रगुप्त कधी झाला, कालिदास कोणाच्या आश्रयाला होता, हूण कधी आले, हे सारेच त्यामुळे अधांतरी राहिले होते. जॉन फेथफुल फ्लीट या पुराभिलेखतज्ज्ञाला गणिताची मदत हवी होती, आणि ती दीक्षितांनी दिली.

मध्य प्रदेशातील एरण येथे बुधगुप्ताच्या काळचा एक स्तंभलेख आहे. त्यात गुप्त वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काल दिला आहे. अल्बेरूनीने गुप्त संवत शकाच्या २४१ वर्षांनंतरचा असल्याची नोंद करून ठेवली होती. ती खरी धरली तर हे वर्ष गत शके ४०६, म्हणजे इसवी सन ४८४ येते. त्या वर्षी आषाढ शुद्ध द्वादशी कोणत्या वारी होती, हे गणिताने काढले असता २१ जून आणि गुरुवार असेच उत्तर आले. एकाच लेखावरून वार जुळला, तर तो सातांत एका शक्यतेने योगायोगही असू शकेल. म्हणून इतर लेखही तपासले गेले, आणि गुरूच्या बारा वर्षांच्या संवत्सरचक्राचा उल्लेख असलेल्या ताम्रपटांची दीक्षितांनी केलेली चिकित्सा या कामी फार उपयोगी पडली. फ्लीटचा ग्रंथ १८८८ साली निघाला आणि गुप्त संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० च्या सुमारास ठरला. आज शाळेच्या क्रमिक पुस्तकात गुप्त राजांचे जे सन विद्यार्थी पाठ करतात, ते या गणितावर उभे आहेत. त्यानंतर रॉबर्ट स्यूएल यांच्यासह दीक्षितांनी हिंदू आणि मुसलमानी तारखा इसवी सनात बदलण्याची कोष्टके तयार केली. इसवी सन ३०० ते १९०० हा कालखंड त्यात येतो. १८९६ च्या याच वर्षी त्यांचा मराठी ग्रंथही निघाला.

कृत्तिकांचे घड्याळ

शतपथ ब्राह्मणात कृत्तिकांविषयी एक विधान आहे. त्याचा आशय असा की, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका ढळत नाहीत. दीक्षितांनी हे विधान निरीक्षणाची नोंद म्हणून वाचले. तारा ठीक पूर्वेस उगवतो तो विषुववृत्तावर असेल तेव्हाच. कृत्तिका आज विषुववृत्ताच्या सुमारे चोवीस अंश उत्तरेस आहेत, आणि रत्नागिरीहून पाहिल्यास त्या पूर्वेपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे सरकून उगवतात. अयनचलनाने आकाशाची ही चौकट बहात्तर वर्षांत सुमारे एक अंश फिरते. हिशेब मागे नेला तर कृत्तिका ठीक पूर्वेस उगवत होत्या तो काल इसवी सनापूर्वी सुमारे तीन हजार वर्षे येतो. दीक्षितांचा हा निष्कर्ष १८९५ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी दोन वर्षे टिळकांनी मृगशीर्षावरून वेदकालाचा असाच विचार मांडला होता. एकाच जिल्ह्यातले दोघे समकालीन एकाच घड्याळाचे दोन आकडे वाचीत होते, असे म्हटले तरी चालेल.

या निष्कर्षावर पुढे पुष्कळ आक्षेप आले, आणि अनेक अभ्यासकांना तो आज मान्य नाही. पूर्व दिशा याचा अर्थ काटेकोर बिंदू घ्यायचा की ढोबळ बाजू? नोंद ग्रंथाच्या काळची की त्याहून जुन्या परंपरेतून आलेली? भाषेच्या आणि उत्खननाच्या पुराव्याशी तिचा मेळ कसा घालायचा? हे प्रश्न रास्त आहेत. परंतु गणितात चूक आहे असे कोणी म्हणत नाही. वाद आहे तो विधानाच्या वाचनाविषयी. आधारभूत गृहीत आणि त्यावरून निघणारे गणित ही दोन वेगळी ठेवून दाखविली, की चर्चा पुढे जाऊ शकते. दीक्षितांची पद्धत अशी असल्यामुळेच त्यांच्याशी मतभेद असणाऱ्यालाही त्यांचा ग्रंथ उपयोगी पडतो.

विझणाऱ्या ताऱ्यांची साक्ष

आकाशावरून काळ मोजण्याची दीक्षितांची ही रीत आता जुनी झाली असे कोणाला वाटेल, तर त्याने आजच्या खगोलशास्त्रातील एका शाखेकडे पाहावे. हिवाळ्यात रात्री दक्षिणेकडे तेजाने तळपणारा व्याध सर्वांना ठाऊक आहे. व्याधाची चाल सरळ नसून ती किंचित डोलते, यावरून १८४४ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने त्याला एक न दिसणारा सोबती असला पाहिजे असे अनुमान काढले. १८६२ साली अमेरिकेत अल्वान ग्रॅहम क्लार्क याला तो दुर्बिणीतून दिसला. तेव्हा दीक्षित मुरुडात आठ वर्षांचे होते. हा सोबती म्हणजे श्वेत बटू तारा : आकार पृथ्वीएवढा, वस्तुमान जवळजवळ सूर्याएवढे, आणि एका घनसेंटिमीटर द्रव्याचे वजन टनावारी. असा तारा स्वतःच्या भाराने कोसळत का नाही, याचे उत्तर १९२६ साली राल्फ फाउलरने पुंजवादाच्या आधारे दिले. आणि १९३० साली मुंबईहून इंग्लंडला निघालेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर या तरुणाने बोटीवर बसून त्या उत्तराला मर्यादा घातली. सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक वस्तुमानाचा श्वेत बटू टिकू शकत नाही, हे त्याचे गणित. एडिंग्टनसारख्या थोरांनी ते नाकारले. नोबेल पारितोषिक यायला १९८३ साल उजाडले. कोष्टकापुढे वडीलकीचे वजन पडते ते केवळ आपल्याकडेच नव्हे, हे यावरून दिसेल.

श्वेत बटूमध्ये नवे इंधन जळत नाही. चूल विझल्यावर तवा निवत जावा, तसा तो केवळ निवत जातो. किती निवला हे कळले तर चूल कधी विझली हे सांगता येते, आणि १९५२ साली लिऑन मेस्टेलने या निवण्याचे गणित मांडले. अत्यंत मंद, अत्यंत थंड झालेले श्वेत बटू शोधले की आपल्या आकाशगंगेतील सर्वांत जुन्या ताऱ्यांचे वय हाती येते. १९८७ साली या रीतीने आकाशगंगेच्या चकतीचे वय सुमारे नऊ अब्ज वर्षे काढण्यात आले. हबल दुर्बिणीने वृश्चिकेतील एम-४ या तारकागुच्छातले मंद श्वेत बटू टिपले, तेव्हा २००२ साली त्याचे वय बारा-तेरा अब्ज वर्षांच्या दरम्यान आले.

परंतु इथेही कोष्टकाने दगा दिलाच. तारा निवत जाईल तसा तो अधिकाधिक तांबडा दिसावा, ही साधी अपेक्षा. प्रत्यक्षात तापमान चार हजार केल्व्हिनच्या खाली गेले की हायड्रोजनचे अणू जोडीने रेणू होतात, दाट वातावरणात ते एकमेकांवर आदळतात आणि तांबड्यापलीकडचे अवरक्त किरण शोषून घेतात. मग प्रकाश निळसर बाजूनेच बाहेर पडतो, आणि अतिथंड तारा अपेक्षेहून निळा दिसतो. जुन्या कोष्टकाने त्याचा रंग वाचणारा त्याला तरुण समजेल. वातावरण हेलियमचे असेल तर निवण्याचा वेग निराळा. शिवाय आतला कार्बन आणि प्राणवायू गोठून स्फटिक होताना सुप्त उष्णता बाहेर टाकतात आणि निवणे लांबवितात. ही कल्पना १९६८ ची, आणि तिचा ठळक पुरावा गाया या अवकाशयानाने मोजलेल्या हजारो ताऱ्यांतून २०१९ साली मिळाला. निरीक्षण, कोष्टक, विसंगती आणि कोष्टकाची दुरुस्ती, हा क्रम केशव दैवज्ञाच्या नांदगावापासून अवकाशयानापर्यंत अखंड आहे. साधने बदलली, शिस्त तीच राहिली.

आपल्या अभिमानालाही हाच नियम

हा नियम दुसऱ्याच्या अंधश्रद्धेला लावणे सोपे असते. स्वतःच्या अभिमानाला लावणे अवघड. विजयदुर्ग पूर्वी आपल्याच जिल्ह्यात होता. १९८१ साली सिंधुदुर्ग जिल्हा झाल्यावर तो तिकडे गेला. त्या किल्ल्यावर हेलियमचा शोध लागला असे आपण अभिमानाने सांगतो, आणि १८ ऑगस्टला तेथे सोहळाही होतो. वस्तुस्थिती अशी की, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी जान्सेन गुंटूरला होता आणि नॉर्मन लॉक्यर इंग्लंडात. सूर्याच्या वर्णपटातील ती पिवळी रेषा लॉक्यरने तिकडेच त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अभ्यासिली. तो विजयदुर्गास आला तो २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. हा मानही लहान नाही. जगातला एक अग्रगण्य खगोलशास्त्रज्ञ कोकणच्या किनाऱ्यावर तळ ठोकून बसला, एवढे खरे सांगितले तरी पुरे आहे. त्याला तीस वर्षे मागे ओढण्याची गरज नाही. दीक्षितांच्या जिल्ह्यातील माणसांनी तरी तारखेची चूक जपून ठेवू नये.

त्या ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, २० एप्रिल १८९८ रोजी, दीक्षित पुण्यात निवर्तले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांचे भारताच्या भूवर्णनाचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर निघाले.

आता काय करावे

थोरांची स्मारके म्हटली की पुतळा आणि चौकाला नाव एवढेच आपल्याला सुचते. दीक्षितांसाठी त्यापेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक उपयोगाचे असे काही करता येईल. एक तर, जिल्ह्यातील प्रत्येक हायस्कुलाने वर्षातून चार रात्री, दोन संपात आणि दोन अयने यांच्या आसपास, मुलांना उघड्यावर आणून आकाश दाखवावे. सूर्य कोठे मावळतो, कृत्तिका कोठे उगवतात याची नोंद वहीत ठेवावी आणि ती वही पुढच्या वर्गाच्या स्वाधीन करावी. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढगांचा अंमल असतो, तेव्हा उरलेल्या महिन्यांत ती कसर भरून काढावी. यासाठी दुर्बिणीची गरज नाही. एक उभी काठी, दोरी आणि कोनमापक पुरेसे आहेत. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या तर एखाद्या मुलाला स्वतःच्याच गावच्या आकड्यांवरून वर्षाची लांबी काढता येईल, आणि ती त्याला क्रमिक पुस्तकातील आकड्यापेक्षा अधिक आपली वाटेल.

दुसरे, शिक्षकाला शिक्षक राहू द्यावे. जनगणना, निवडणूक, निरनिराळी सर्वेक्षणे आणि माहिती भरण्याचे तक्ते यांत त्याचा जो काळ जातो, तो परत मिळाल्याखेरीज शिक्षकांमधून दीक्षित निघावेत ही अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. अर्थात हेही तितकेच खरे की, मोकळा वेळ मिळाला तर आपण त्याचे काय करू, हा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःला विचारायचा आहे. दीक्षितांचा काळही काही शिक्षकाला मोकळीक देणारा नव्हता.

तिसरे, त्यांचा ग्रंथ प्रत्येक महाविद्यालयाच्या आणि तालुका वाचनालयाच्या फळीवर असावा, आणि तो इतिहास, संस्कृत, गणित या तिन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडावा. मराठीत शास्त्र लिहिता येत नाही, परिभाषा नाही, वाचक नाही, असे आपण म्हणतो. सव्वाशे वर्षांपूर्वी बार्शी-धुळ्याच्या शिक्षकाने ते लिहिले आणि परभाषिक विद्वानांना ते वाचावे लागले. भाषेची श्रीमंती तिच्यातून काय सांगितले जाते यावर ठरते, हे या एका पुस्तकाने सिद्ध केले आहे.

आपल्या रोजच्या जगण्यातही कोष्टके पुष्कळ आहेत. विद्यार्थ्याची लायकी ठरविणारे गुणांचे तक्ते, गावाची प्रगती सांगणारे अहवाल, दारिद्र्याची रेषा आखणारे आकडे, ही सगळी एके काळी कोणीतरी प्रत्यक्ष पाहून तयार केलेली असतात आणि पुढे न पाहता चालविली जातात. समोरचा मुलगा, समोरचे गाव आणि समोरचे घर त्या आकड्यांशी जुळत नसेल, तर मान वर करून पाहण्याचे आणि आकडा दुरुस्त करण्याचे धैर्य ज्याच्यापाशी असेल, तो दीक्षितांचा खरा वारसदार. त्यासाठी ज्योतिषी असण्याची आवश्यकता नाही.